वेळासची कासवे आणि तापलेली वाळू

दरवर्षी 20 मार्चला महाडला जायचे, चवदार तळ्यावर अभिवादन करायचे, पुस्तकांच्या स्टॉलवरून चार पुस्तके घ्यायची आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतायचे, हा आमच्या घरचा नेम आहे. 2025 साली मात्र आम्ही तो थोडा मोडला. कारण झाली आमची आठवीतली थोरली. महाडच्या पुलावरून सावित्री नदी पाहताना तिने मागच्याच वर्षी विचारले होते, "ही नदी पुढे कुठे जाते?" बाणकोटला समुद्राला मिळते, एवढे आम्ही सांगितले. तेव्हापासून तिचा एकच धोशा होता की नदी जाते तिथपर्यंत आपणही जाऊ या.

बाणकोटच्या खाडीला लागूनच वेळास हे गाव आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात, मुंबईहून सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर. पेशवाईतील नाना फडणवीसांचे गाव म्हणून पूर्वी त्याचे नाव घेत. आज ते कासवांचे गाव म्हणून ओळखले जाते. हिवाळ्यात समुद्रातील माद्या येथे वाळूत अंडी घालतात आणि मार्च-एप्रिलमध्ये त्यांची पिल्ले समुद्रात सोडली जातात. ते पाहायला लांबून माणसे येतात. आपणही जावे, असे ठरले.

मुले आनंदाने उड्या मारू लागली. आत्या मात्र गप्प झाली. आमच्या आत्याचे वय 76. तिचे बालपण खाडीकाठच्या एका गावात गेले. "तुम्ही जा, मी महाडहून परत जाते," असे ती म्हणाली. खूप आग्रह केल्यावर तिने खरे कारण सांगितले. "अरे, मी लहानपणी खाल्लीत ती अंडी. आमची आई बाजाराच्या दिवशी टोपलीतनं घेऊन यायची. आता कोणत्या तोंडाने पिल्लं बघायला जाऊ?"

आम्हाला काय बोलावे ते सुचेना. शेवटी धाकटा म्हणाला, "आत्याआजी, तू नाही आलीस तर मला कडेवर कोण घेणार?" चौथीतल्या मुलाला कडेवर कोण घेते? पण आत्या हसली आणि आली.

महाड ते वेळास

21 तारखेला सकाळी महाडहून एस.टी. पकडली. अमृत ज्येष्ठ योजनेमुळे 75 वर्षांवरील आत्याचा प्रवास मोफत आणि महिलांना अर्धे तिकीट, त्यामुळे पाच जणांचा खर्च हिशेबात बसला. रस्ता घाटाचा, दोन्ही बाजूंना आंबा-काजूची झाडे आणि अधूनमधून करवंदीच्या जाळ्या. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातच जांभ्याचे कातळ इतके तापले होते की गाडीच्या खिडकीतून येणारी हवा तोंडाला चटका देत होती.

मंडणगड तालुक्यातच आंबडवे आहे, बाबासाहेबांच्या घराण्याचे मूळ गाव. तिथे जाऊन स्मारकात दोन मिनिटे बसलो, पाणी प्यालो आणि पुढची गाडी धरली. बाणकोटजवळ खाडी दिसू लागली तेव्हा थोरली खिडकीला चिकटली. महाडला पाहिलेली तीच नदी, पण इथे केवढी रुंद! पैलतीरावरून माणसे आणि मोटारी घेऊन येणारी फेरीबोट पाहण्यात धाकट्याचे भान हरपले.

वेळासमध्ये हॉटेल नाही म्हटले तरी चालेल. गावातील घरांमध्येच पाहुण्यांची सोय होते. ओटीवर चटया, मागे नारळी-पोफळीची वाडी, जेवायला तांदळाची भाकरी, फणसाची भाजी आणि सोलकढी. ज्या घरी उतरलो तेथील ताईंनी येताच बजावले, "संध्याकाळी सहाच्या आत किनाऱ्यावर जा. पण पिल्लं निघतीलच असं नाही हं. ती त्यांच्या मर्जीची."

रिकामी टोपली

गावातून किनाऱ्यावर जायला पायवाट आहे. वाळू लागली की चपला हातात घ्याव्यात, बरे वाटते. किनाऱ्याच्या वरच्या बाजूला जाळीचे कुंपण घातलेली छोटी जागा आहे. तिला हॅचरी म्हणतात. आत वाळूत ओळीने खड्डे, प्रत्येकावर पाटी. पाटीवर अंडी कोणत्या तारखेला ठेवली आणि किती, ते लिहिलेले. ज्यांचे दिवस भरत आले त्यांच्यावर टोपली पालथी घातलेली.

शंभरएक माणसे दोरीमागे उभी होती. कासवमित्राने एक टोपली उचलली. काही नाही. दुसरी उचलली, तीही रिकामी. तिसरी, चौथी... सगळ्या पाहून झाल्या. त्या संध्याकाळी एकही पिल्लू वर आले नाही. मंडळी कुरकुरत परतली. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आले.

आम्ही तिथेच वाळूत बसलो. काम आटोपल्यावर कासवमित्रही येऊन टेकले. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला माणूस. कासवमित्र म्हणजे किनाऱ्यावर राखण करणारा गावकरी. विणीच्या हंगामात रात्री आणि पहाटे किनारा पायी पालथा घालायचा, मादीच्या पायांची खूण शोधायची, अंडी सुरक्षित आणायची, असे त्याचे काम. वनखात्याकडून हंगामापुरते मानधन मिळते, बाकीचे महिने मासेमारी आणि मजुरी.

त्यांनी सांगितलेली हकिगत मुलांसाठी थोडक्यात देतो. येथे येणारे कासव ऑलिव्ह रिडले जातीचे. पाठ दोन-सव्वादोन फूट लांब, वजन चाळीस-पन्नास किलोपर्यंत. आयुष्य समुद्रात, पण अंड्यांसाठी मादीला जमिनीवर यावेच लागते. रात्री ती भरतीरेषेच्या वर चढते, मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी दीड फूट खोल मडक्याच्या आकाराचा खड्डा खणते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून बुजवते आणि निघून जाते. परत वळूनही पाहत नाही. पुढचे 45 ते 60 दिवस अंडी उबवण्याचे काम ती वाळूच करते.

पण तेवढे दिवस अंडी राहतील तर ना! कोल्हे, कुत्री, घोरपडी उकरून खातात. आणि सगळ्यांच्या पुढे माणूस. 2002 साली चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था समुद्री गरुडांची पाहणी करीत या भागात आली, तेव्हा त्यांना किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. चौकशी केली तर बहुतेक घरटी लुटलीच जात होती. संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना दोष देत बसण्याऐवजी त्यांनाच राखणीच्या कामात घेतले. 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे येऊ लागले, घराघरांतून चूल पेटू लागली. वेळासचे पाहून अंजर्ले आणि कोकणातील इतर किनाऱ्यांवरही राखण सुरू झाली. पुढे वनखाते आणि त्याचा कांदळवन कक्ष या कामात उतरले. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या कासवाचा समावेश आहे. पण कायद्याने जे इतकी वर्षे साधले नाही ते गावाने मनावर घेतल्यावर साधले.

आत्याचा प्रश्न

आत्या इतका वेळ ऐकत होती. एकदम म्हणाली, "दादा, मी खाल्लीत ती अंडी. पंचशील घेणारी माणसं आपण, पण तेव्हा पोटापुढे काही सुचायचं नाही."

कासवमित्र थोडे हसले. "मावशी, तुम्ही खाल्लीत, मी तर विकलीत. माझा बाप काठी घेऊन वाळूत टोचत जायचा. काठी भसकन आत गेली की खाली घरटं. काठीला ओल लागायची. पोरगा म्हणून मीच टोपली धरायचो. आता त्याच किनाऱ्यावर तेच पाय हुडकतो. हुडकायचं कसं ते मला शिकवायला लागलं नाही."

आत्या काही बोलली नाही. पण रात्री तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या, दिवसभर तिचे जेवणाकडे लक्ष नव्हते.

आम्हाला वाटते, गरिबाने जंगल आणि समुद्र बिघडवला असे सांगणारे पुष्कळ भेटतात. गरिबाने चार अंडी उचलली हे खरे. पण राखणीची वेळ आली तेव्हा रात्रीच्या थंडीत किनारा तुडवायला तोच पुढे झाला, हेही तितकेच खरे आहे. आणि आता जे संकट आले आहे त्याला तर काठी-टोपलीवाला मुळीच जबाबदार नाही.

वाळूचा ताप

ते संकट आहे उष्म्याचे. कासवमित्रांनी हॅचरीवर अर्ध्या भागात बांधलेली हिरवी जाळी दाखवली. "ही पोरांना ऊन लागू नये म्हणून," ते म्हणाले. आम्हाला आधी थट्टा वाटली.

कासवाच्या पोटी मुलगा होणार की मुलगी हे आपल्यासारखे आधीच ठरलेले नसते. अंडी वाळूत असताना, त्या काळाच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात वाळू किती तापलेली आहे त्यावर ते ठरते. साधारण 29-30 अंशांच्या आसपास दोन्ही सारख्या प्रमाणात होतात. वाळू गार राहिली तर नर जास्त, तापली तर माद्या जास्त. ताप आणखी वाढून पस्तिशीच्या वर बराच काळ राहिला तर पिल्ले अंड्यातच दगावतात, आणि जी निघतात ती अशक्त असतात.

थोरलीने लगेच विचारले, "सगळ्या मुलीच झाल्या तर काय बिघडलं?" प्रश्न आमच्या घराला शोभेसाच होता! पण जोडीदार नसेल तर पुढची अंडी फळणार कशी? ही नुसती भीती नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील उष्ण किनाऱ्यांवर जन्मलेल्या हिरव्या कासवांची तपासणी झाली, तिचा निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध झाला. लहान वयाच्या कासवांत शंभरातील नव्याण्णवांहून जास्त माद्या निघाल्या. आपल्या किनाऱ्यावर अजून ती पाळी आलेली नाही. पण वाळू तीच आणि सूर्यही तोच.

कासवमित्रांच्या बोलण्यात दुसरी काळजी होती. "पूर्वी दिवाळीनंतर नोव्हेंबरात पहिलं घरटं मिळायचं. आता डिसेंबर उजाडतो, कधी जानेवारी. म्हणजे शेवटची अंडी एप्रिल-मेच्या उन्हात सापडतात. थंडीतलं घरटं पंचावन्न-साठ दिवस घेतं, उन्हाळ्यातलं पंचेचाळीस दिवसांत तयार. लवकर निघाली म्हणून आनंद मानू नका. ती भाजून निघालेली असतात."

वाचकहो, पत्र्याखाली राहणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याची खोली कशी तापते, तान्हे मूल कसे कासावीस होते, गोणपाट भिजवून वर टाकावे लागते, हे आपल्या कितीतरी घरांतून रोजचे आहे. कासवमित्र हिरवी जाळी बांधतो, आपण गोणपाट टाकतो. दोघांच्या डोक्यावरचे ऊन एकच. हे ऊन वाढवणारा कोळशाचा आणि तेलाचा धूर कोणाच्या कारखान्यांतून आणि गाड्यांतून जास्त निघाला, तेही सर्वांना ठाऊक आहे.

समुद्रही तापतो आहे. अरबी समुद्रात पूर्वी वादळे कमी होत. 2019 या एका वर्षात पाच चक्रीवादळे झाली. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच बाजूला श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळले. वेळासच्या ताई सांगत होत्या, घराची कौले पानांसारखी उडाली, पन्नास वर्षांच्या पोफळी काड्यांसारख्या मोडल्या. दुसऱ्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. मोठ्या लाटांनी किनाऱ्याची वाळू ओढून नेली की मादीला अंडी घालायला उंच कोरडी जागा उरत नाही. लोक घरे वाचवायला दगडी बंधारे मागतात, तेही खोटे नाही. पण बंधारा झाला की कासवाची वाट बंद. माणसाचे घर वाचवायचे की कासवाचे, असा प्रश्न किनाऱ्यावर उभा राहू लागला आहे. झाडांची रांग आणि खाडीतील कांदळवन राखले तर दोघांनाही थोडा आधार मिळतो, असे कासवमित्रांचे म्हणणे होते.

सकाळ

22 तारखेला पहाटे अंधारातच उठलो. सात वाजता पुन्हा टोपल्या. पहिली रिकामी. दुसरी उचलली आणि धाकटा ओरडला, "हलतंय!" वाळूचा मध्यभाग खचला होता आणि त्यातून काळी, दोन बोटांएवढी पिल्ले एकमेकांच्या डोक्यावर पाय देत वर येत होती. एकवीस निघाली.

त्याआधी आणखी एक घरटे उघडले होते. त्याचे दिवस भरून गेले तरी कोणी वर आले नव्हते. कासवमित्र कोपरापर्यंत हात घालून एकेक अंडे बाहेर काढीत होते. बरीचशी नासलेली होती, काहींत पूर्ण वाढलेली, पण मेलेली पिल्ले होती. त्यांनी वहीत आकडे लिहिले आणि खड्डा बुजवला. ही जागा जाळीच्या बाहेरच्या, उघड्या ओळीतील होती. उन्हामुळेच असे झाले असे ते म्हणाले नाहीत, आम्हीही म्हणणार नाही. घरटे फुकट जाण्याची कारणे अनेक असतात. पण पाटीवरची तारीख पाहत ते थोडा वेळ तिथेच उकिडवे बसून राहिले. ज्या रात्री ती अंडी उचलून आणली ती त्यांना आठवत असावी. अंडी मादीने घातल्यावर काही तासांतच हलवावी लागतात, आणि न फिरवता, जशी होती तशीच ठेवावी लागतात. नाहीतर आतला जीव जातो. एवढ्या जपणुकीने आणलेले घरटे ते.

एकवीस पिल्ले टोपलीतून पाण्याकडे नेली आणि लाटांपासून काही अंतरावर वाळूवर सोडली. हाताने उचलून पाण्यात का टाकत नाहीत? कारण मोठी झालेली मादी पुढे आपल्या जन्माच्या भागातील किनाऱ्याकडेच परतते. तो किनारा तिने चालून ओळखावा म्हणून. पिल्ले आधी जराशी थांबली, मग उजेडाच्या दिशेने सरसर निघाली. लाट आली की मागे फेकली जात, उलटी होत, पुन्हा सरळ होऊन चालत. हजारातील एखादेच मोठे होते म्हणतात. आत्या दोरीजवळ हात जोडून उभी होती. शेवटचे पिल्लू तीनदा मागे आले. चौथ्या लाटेने ते गेले. तेव्हा आत्याने धाकट्याला खरोखरच कडेवर घ्यायचा प्रयत्न केला आणि दोघेही वाळूत बसले.

पुढे ही कासवे जातात कुठे, याचाही शोध लागतो आहे. 25 जानेवारी 2022 रोजी वेळासच्याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारे यंत्र बसवले आणि तिचे नाव ठेवले प्रथमा. पश्चिम किनाऱ्यावरील ऑलिव्ह रिडलेला असे यंत्र पहिल्यांदाच लावले गेले. त्याहून नवल म्हणजे 2021 साली ओडिशात धातूचा बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी 2025 मध्ये आमच्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली! श्रीलंकेला वळसा घालून साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास तिने अंतर कापले असावे. ओडिशात तर माद्या लाखांनी एकदम येतात. कोकणात एकेक करून येतात, म्हणून इथे एकेका घरट्याची किंमत मोठी.

आपण काय करू शकतो?

जायचे असेल तर मार्च ते एप्रिलचा मध्य हा काळ चांगला. घरगुती मुक्कामाची सोय आधी विचारून घ्यावी आणि शक्य तर दोन रात्रींचा बेत करावा, म्हणजे एखादी संध्याकाळ रिकामी गेली तरी वाईट वाटणार नाही. किनाऱ्यावर बॅटरी, मोबाईलचा दिवा लावू नये, पिल्ले उजेडाने वाट चुकतात. पिल्लाला हात लावू नये. प्लास्टिकची पिशवी वाळूत टाकू नये, पाण्यातील पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते आणि ते ती गिळते. आपल्यापैकी ज्यांचे नातेवाईक मासेमारीत आहेत त्यांना एक गोष्ट जरूर सांगावी. जाळ्यात कासव अडकले आणि ते सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले तर राज्य शासन 25 हजार रुपयांपर्यंत नुकसानभरपाई देते. त्यासाठी कासव सोडतानाचा फोटो काढून ठेवावा आणि मत्स्यव्यवसाय खात्याकडे अर्ज करावा.

परतीच्या गाडीत थोरली वहीत काहीतरी लिहीत होती. पाहिले तर 22 मार्च, एकवीस पिल्ले, आणि खाली बुजवलेल्या घरट्याचा नंबर. तो तिने का लिहिला ते विचारले. म्हणाली, "काकांनीही लिहिला ना."

आत्या म्हणाली, पुढच्या वर्षी महाडहून पुन्हा यायचे. "त्या दादाला म्हणावं, सगळ्या खड्ड्यांवर जाळी बांध. पैसे कमी पडले तर आमच्या मंडळाची पावती फाडू." मंडळाच्या येत्या बैठकीत हा विषय घेणार आहोत.